सत्ताविसावा भाग

रेवा आणि ईशान,

तुमचा मेसेज मिळाला. 'आजी, हे बघच. मित्रांची मालिका आहे, कुणाला माहीतच नाही.' खाली लिंक, आणि लिंकेखाली पाच हसरे चेहरे. मी उत्तर दिलं, 'मला असल्या लिंका पाठवू नका.' तुम्हाला वाईट वाटलं, असं तुमच्या आईने फोनवर सांगितलं. वाटू दे. मी रागावलेच आहे. पण कारण न सांगता रागावणं मला पसंत नाही, म्हणून हे लिहिते आहे. मराठी वाचायचा कंटाळा आला तर आईकडून वाचून घ्या. तिच्याकडे सारांश मात्र मागू नका. का, ते पुढे कळेल.

माझ्या शेजारच्या कंडक्टरांबद्दल तुम्ही फोनवर ऐकलं आहे. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते, निवृत्त होऊन आता भातशेती करतात. घरामागे चार खोल्या बांधल्या आहेत, त्यांत घरून काम करणारी आयटीतली मुलं भाड्याने राहतात. आजोबा गेल्यावर मी पुण्याचा फ्लॅट सोडून इथे कोळवणला आले, तेव्हा तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता हे गृहस्थ चिखलाच्या पायांनी थेट माझ्या दिवाणखान्यात आले. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"बाई, टीव्ही कुटं हाय तुमचा?"

मला वाटलं, केबलचं काही काम असेल. मी बोट दाखवलं. त्यांनी रिमोट उचलला, तुमच्या बाबांनी लावून दिलेलं ते मालिकांचं ॲप उघडलं, आणि यादी खाली, खाली, पार तळापर्यंत नेली.

"वरनं बगायचं न्हाई," ते म्हणाले. "वर समदी सीट धरून बसल्याली. कंडक्टरनं मागनं सुरुवात करायची आसती. शेवटच्या बाकड्यावर खरी माणसं आसत्यात."

आणि त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं. डबल बेल. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मालिका सुरू झाली.

तिचं नाव सांगत नाही, तुम्हाला आता ती कुठेही सापडणार नाही. चार मित्र, तीन मुलगे आणि एक मुलगी, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर राहतात. एकोणचाळीस भाग. बहुतेक भागांत काहीच घडत नाही. एका अख्ख्या भागात ते चौघे नळ दुरुस्त करणाऱ्याची वाट पाहतात. तो येत नाही. एवढंच. कुठल्याशा चॅनेलने ती भलत्याच वेळेला दाखवली, कुणी पाहिली नाही, म्हणून बंद केली. एक भाडेकरू खोली सोडताना जुना टीव्ही मागे ठेवून गेला, त्यात हे ॲप चालू राहिलेलं होतं, आणि कंडक्टरांना ती यादीच्या तळाशी सापडली.

सापडली ती सापडली, आमच्या डोक्यावर बसली. गिरणीत दळण टाकायला गेलं की, "बगितली का?" पौडच्या स्टँडवर, "बगितली का?" एकदा तर दहाव्याच्या विधीला नदीवर गुरुजींना गाठून म्हणाले, "पाच भाग बगा. फकस्त पाच. मग माज्याशी बोला." गुरुजी म्हणाले, "बघतो." त्यावर नदीवरच भडकले. "बगतो म्हणणारा कदी बगत न्हाई! न्हाई म्हणा, पर बगतो म्हनू नका!"

नव्या भाडेकरूला आधी पाच भाग दाखवायचे आणि मग किल्ली द्यायची, असा त्यांचा नियम होता. एका मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, मी सगळे बघितले, टू एक्सवर." दुप्पट वेगाने! त्याला महिन्याभरात खोली सोडायला लावली. "घाटात यष्टी दुप्पट येगानं नेली तर कुटं जाती, म्हाईत हाय का?" मुलगा चांगला होता, मला तो बाजारातून औषधं आणून द्यायचा. मी कंडक्टरांवर आठ दिवस चिडले होते.

त्यांच्याबरोबर बघणं ही तर शिक्षाच. ते कधी बसत नसत. एकतीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहिलेला माणूस, दाराची चौकट धरून उभा राहायचा. आणि टीव्हीकडे पाठ. ते आमचे चेहरे बघायचे, प्रवाशांचे बघावेत तसे. विनोद यायच्या आधीच स्वतः हसायचे. आपण हसलो नाही की खुर्चीवर एक टकटक, थांबा. मागे न्यायचं, पुन्हा लावायचं. "आता बगा." मी एकदा ओरडले, "अहो, तुम्ही टीव्ही बघा, मला कसलं बघता!" म्हणाले, "टीव्ही म्या बगितलाय. तुमचं तोंड न्हाई बगितलं."

त्या दिवशी मी त्यांना घालवूनच देणार होते. म्हटलं, मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, या प्रकारातलं इंग्रजीतलं जे उत्तम ते पाहिलं आहे, मला हे कशाला दाखवता?

"बगितलं आसंल," ते म्हणाले. "कुणासंगं?"

आजोबा जाऊन सात महिने झाले होते. मी उठून चहा टाकला. त्याचाही मला राग आला.

पण एक न्याय होता त्यांचा. इकडे भातलावणीत इर्जिक असते. म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी मिळून माझ्या. मजुरी नाही, फक्त दुपारचं जेवण. कंडक्टरांनी ती पद्धत मालिकेला लावली. मी त्यांच्यासाठी एक भाग पाहिला की ते माझं एक काम करायचे. पन्हाळी साफ केली, कुंपणाची तार ताणली, तुमच्या बाबांनी उलटं बसवलेलं फाटक सरळ केलं. "टीवी बगनं बी कामच हाय. येकट्यानं हुत न्हाई." सांगून कुणी बघत नाही, सोबत बघावं लागतं, हे त्यांचं म्हणणं.

मला काही करायचं तर नीट करायची सवय आहे. मी वही केली. प्रत्येक भागाला एक पान: कुठे घडतं, कोण काय म्हणतं, कोणत्या ठिकाणी ते मागे नेऊन पुन्हा दाखवतात. कंडक्टरांना ती वही डोळ्यांसमोर नको असे. "लिवून काय हुतंय? बगायचं सोडून लिवताय."

आता दुसऱ्या माणसाची ओळख करून देते. कंडक्टरांच्या भाताचा आणि त्यांच्या मित्राच्या भाताचा बांध एकच. आम्ही सगळे त्यांना बांधापलीकडचे म्हणत असू. चाळीस वर्षं या दोघांची इर्जिक होती. मी आले तेव्हा ते एकमेकांशी बोलत नव्हते. बांधापलीकडच्यांनी जमीन विकली होती, तिच्यावर आता फार्महाउसचे प्लॉट पडणार होते, आणि ते महाळुंग्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होते. भांडण जमिनीवरून, असं मी गृहीत धरलं. विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

एका शनिवारी, अगदी भल्या सकाळी, कंडक्टर फाटकाशी आले. चेहरा उतरलेला. टीव्हीवर खाली पट्टी आली होती म्हणे: उद्याच्या तारखेनंतर ही मालिका उपलब्ध राहणार नाही. कुणी ठरवलं, का ठरवलं, विचारायला नंबर नाही, पत्ता नाही. एखादं झाड तोडायचं तरी दहा लोकांना उत्तर द्यावं लागतं. इथे चार माणसं एकोणचाळीस भागांसकट गायब करणार, आणि आपण फक्त पट्टी वाचायची. मी तेव्हाही संतापले होते, आताही संतापते.

"बाई, येक काम करा," ते म्हणाले. माझ्याकडे पहिल्यांदाच त्यांनी काही मागितलं. "त्या बांधापलीकडच्याला उद्या चारला तुमच्याकडं च्याला बोलवा. तुमचं ऐकंल त्यो. मी हाय म्हनून सांगू नका. नुसता बसवा. सत्ताविसावा भाग लावू."

"सत्ताविसावाच का?"

"बगंल त्यो. बगितल्यावर कळंल त्याला."

आणि आता माझी चूक. मी कधी कुणाला फसवून बोलावलं नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत विषयपत्रिका दिल्याशिवाय एक सभा घेतली नाही. माणसाला कशासाठी बोलावलं आहे ते त्याला आधी माहीत असावं, असं माझं शिस्तीचं मत. मी टेबलाशी बसले, वहीतलं सत्ताविसावं पान उघडलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'रविवार, दुपारी चार. उपस्थिती: आपण, मी व कंडक्टर. मालिकेचा भाग सत्तावीस. सारांश: एक मित्र खोली सोडून जायचं ठरवतो. इतरांना सांगतो, पण सर्वांत जवळच्या मित्राला सांगत नाही. त्याला ते परक्याकडून कळतं. भांडण. शेवटी समेट.' खाली सही केली. प्रत काढून ठेवली. कागद स्वतः नेऊन दिला.

बांधापलीकडचे ओट्यावर बसले होते. त्यांनी तो दोनदा वाचला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला.

"बरं," म्हणाले.

मी त्याचा अर्थ 'येतो' असा घेतला.

रविवारी साडेतीनलाच कंडक्टर आले. पाय धुतलेले. पांढरा सदरा, केसांना पाणी लावून भांग. मी पोहे केले होते. ते चौकट धरून उभे राहिले, यावेळी तोंड फाटकाकडे. चार वाजले. साडेचार. पाच. मी म्हटलं, बसा तरी. नाही बसले. सव्वापाचला म्हणाले, "काय म्हनला हुता त्यो?"

मी अभिमानाने सांगितलं की मी आडपडदा ठेवला नाही, सगळं लिहून दिलं. आणि प्रत दाखवली.

त्यांनी वाचली. इतका संतापलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"सांगितलं? तुमी त्याला सांगितलं?"

"अहो, नुसता सारांश..."

"भांडान लिवलंय! कुटं हाय त्यात भांडान? त्यो सांगाया तीनदा दारात येतो, ते लिवलं का? येकदा मीठ मागतो, येकदा काडेपेटी, येकदा नेलकटर. तोंड उगडतो, मिटतो, परत जातो. हसून हसून मरायची पाळी येती, आन् मग हसूच येत न्हाई. ते कुटं हाय? ह्ये वाचून त्याला वाटलं आसंल, म्या त्याला चोर ठरवाया बोलावलंय!"

मी प्रत परत घेऊन पुन्हा वाचली.

"बाई, जमिनीचा राग न्हाई मला. ज्याची त्याची जमीन. पर मला कुनाकडनं कळलं? बांधावर दोन अनोळखी पोरं आली. म्हनली, काका, टेप धरा जरा. म्या धरला. मोजनी चाललीया त्याच्या वावराची, आन् टेपचं येक टोक मीच धरलंय!" त्यांचा हात तेव्हाही तसाच मुठीत वळला होता. "मग लई दिसांनी ह्यो भाग परत बगितला. तवा ध्येनात आलं. माज्याकडं बी आला हुता त्यो. तीनदा. येकदा विळा मागाया. त्याच्या घरी चार विळे हायेत! येकदा पेपर. येकदा नुसताच, म्हनला, पाऊस हाय का न्हाई. तीनदा आला, तोंड उगडंना. त्यो सांगायाच आला हुता ह्ये मला ठावं हाय, येवढंच त्याला कळाया पायजे हुतं. ते सांगता येत न्हाई. बगावं लागतं."

पोहे तसेच ठेवून ते गेले. जाताना फाटक आपटलं नाही. सावकाश लावलं. त्याने मला जास्त लागलं.

सोमवारी मालिका ॲपवर नव्हती. तिच्या जागी शेवटच्या बाकावर दुसरंच काहीतरी होतं. त्याच आठवड्यात बांधापलीकडच्यांचं सामान टेम्पोने महाळुंग्याला गेलं. कंडक्टर माझ्याकडे येईनासे झाले. कुंपणाची एक बाजू अर्धी ताणलेली, तशीच लोंबत राहिली. मला त्यांचा राग यायचा, की आधी तोंडाने कारण सांगितलं असतं तर मी असं केलं असतं का? आणि मग आठवायचं की मी तरी कुठे विचारलं होतं. स्वतःवरचा राग फार वाईट, मुलांनो. तो कुणाला लिहूनही देता येत नाही.

सव्वा महिन्याने एका दुपारी ते पुन्हा दारात उभे. पाय चिखलाचेच.

"वही द्या."

"कशाला?"

"मालिका न्हाई ऱ्हायली. वही तरी हाय. पयल्यापासनं करून दाखवनार त्याला, म्हाळुंग्याला जाऊन. मला समदं येतंय, पर कशामागं काय ते चुकतंय." मी वही आणली. त्यांनी ती हातात घेतली नाही. "आन् त्या पोरीचं बोलनं मला जमत न्हाई. घोगरं लागतंय. तुमी यायचं."

"मी?"

"तुमी मोडलंय. तुमीच यायचं."

तेव्हापासून दर गुरुवारी, मुलांनो, तुमची आजी कोळवणहून एसटीने पौड, पौडहून चांदणी चौक आणि तिथून दुसरी बस करून महाळुंग्याला जाते. गुरुवारी मी फोन उचलत नाही तो यामुळे. अकरावा मजला. सगळीकडे क्रेन. पहिल्या दिवशी बांधापलीकडच्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "कशाला आलायस?"

"इर्जिकीला."

"हितं कसली इर्जिक? हितं वावार कुटं हाय?"

"काम सांग की येकादं."

काम निघालं. बाल्कनीचं दार कुरकुरत होतं. कंडक्टरांनी बिजागरीला तेल दिलं, मग हॉलमध्ये येऊन, चौकट नसल्याने फ्रिजला धरून, पहिला भाग सुरू केला. तीनही मित्र ते एकटेच झाले. उजवीकडे तोंड केलं की एक, डावीकडे केलं की दुसरा, समोर बघितलं की तिसरा. मी वही धरून मुलीचं बोलणं वाचायची. माझ्याइतकं वाईट काम कुणी केलं नसेल. बांधापलीकडचे खिडकीबाहेर बघत बसले. संपल्यावर एवढंच म्हणाले, "भिकार हाय."

दुसऱ्या गुरुवारीही तेच, "भिकार हाय." पाचव्या गुरुवारी कंडक्टर एका मित्राला चुकून डावीकडून बोलायला लागले, तेव्हा खिडकीकडे बघतच ते खेकसले, "त्यो उजवीकडचा रं!" आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून काम करणारी त्यांची सून दारात येऊन बघून गेली.

एकही भाग सोडायचा नाही, हा कंडक्टरांचा हट्ट. सत्तावीस आकडा जवळ येत होता. सव्विसाव्याला लिफ्टपाशी बांधापलीकडचे मला हळूच म्हणाले, "बाई, फुडला सोडून त्याच्या फुडचा घ्या की." त्यांनी माझा कागद वाचलेला होता. पुढे काय आहे ते त्यांना ठाऊक होतं, किंवा मी त्यांना चुकीचं ठाऊक करून दिलं होतं. मी म्हटलं, "नाही. ओळीनेच."

काल सत्ताविसावा झाला.

कंडक्टर फ्रिजपासून दोन पावलं पुढे आले, न दिसणाऱ्या दारात उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं. "मीठ हाय का?" परत गेले. पुन्हा आले. "काडेपेटी?" परत गेले. मला हसू आलं. सून दारात उभी होती, तीही हसली. तिसऱ्यांदा ते दारात आले, तोंड उघडलं, आणि नेलकटर म्हणायचं सोडून भलतंच म्हणाले.

"विळा हाय का?"

बांधापलीकडचे ताडकन उठले. मला वाटलं, आता मारतात.

"तीनदा न्हाई!" ते ओरडले. "पाचदा आलो हुतो! तीनदाच मोजतूयास व्हय? दोन डाव आलो तवा तू तुजी ही मालिका लावून उबा हुतास, दाराकडं पाट करून! हाक मारली तर म्हनलास, थांब, संपू दे! थांबलो. संपलं न्हाई. गेलो!"

खाली क्रेनचा आवाज चालू होता. आयुष्यभर प्रवाशांकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस, आणि त्याच दोन वेळा त्याची पाठ होती. मी वहीत बघायला लागले, पण वहीत यापुढे काय होतं ते इथे उपयोगाचं नव्हतं.

मग कंडक्टर सोफ्यापाशी गेले आणि बसले. इतक्या महिन्यांत मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. मित्राच्या शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून, एखाद्या उतारूसारखे. बांधापलीकडचे बराच वेळ उभे होते. मग तेही बसले. नाकाने फुसकारले. आणि सोफ्याच्या हातावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं.

पुढचं सगळं मी एकटीने वाचलं. तिघांचंही आणि मुलीचंही. ते दोघे समोर बघत होते, टीव्ही नसलेल्या भिंतीकडे. शेवटी बांधापलीकडचे म्हणाले, "भिकार हाय." कंडक्टर म्हणाले, "व्हय."

तर आता तुमच्या लिंकेबद्दल. ती मी उघडलेली नाही, उघडणारही नाही. मालिका चांगली असेलही. तुमच्यापैकी माझ्या शेजारी कोण येऊन बसणार, ते आधी कळवा.

तुमची आजी